निळ्या रंगाचा हिशेब

पाश्चात्त्य चित्रकलेवरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. त्यांत प्रतिभा असते, शैली असते, युगप्रवर्तक तर पानोपानी भेटतात. पैसे कोणी दिले, हे मात्र तळटिपेत. सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली म्हणून असेल, पण मला तळटिपाच आधी दिसतात. त्यामुळे इटली, हॉलंड आणि फ्रान्स असा बेत ठरला तेव्हा मी मनाशी एकच रंग धरला: निळा. त्यातही बदख्शानच्या डोंगरातून निघणाऱ्या लाजवर्द दगडाचा निळा. व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत हा दगड अफगाणिस्तानातून व्हेनिसच्या बंदरात उतरायचा आणि त्याचा रंग होईपर्यंत त्याच्या भावाची बरोबरी सोन्याशी व्हायची. एवढा महाग माल भिंतीवर लावायचा म्हणजे कोणीतरी तो मंजूर केलेला असणार. त्या मंजुरीच्या मागावर जायचं होतं.

सुरुवात पादुआला केली. व्हेनिसहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. तिथलं स्क्रोवेन्यी चॅपल बाहेरून अगदी साधं, विटांचं. आत सोडण्याआधी काचेच्या एका बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, म्हणजे आपल्या अंगावरची धूळ आणि दमटपणा चित्रांपर्यंत जाऊ नये. मग आत पंधरा मिनिटं. आतल्या भिंती रंगवणाऱ्या जोत्तोच्या चित्रांसाठी पंधरा मिनिटं म्हणजे थट्टाच आहे, पण शिस्त शिस्त असते.

चॅपल बांधलं एन्रिको स्क्रोवेन्यी या सावकाराने. १३०५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो व्याजबट्ट्यासाठी इतका बदनाम होता, की दांतेने त्याला थेट नरकात, सावकारांच्या रांगेत नेऊन बसवलं. दाराच्या वरची सबंध भिंत 'अंतिम न्याया'ची आहे. तिथे एका बाजूला पैशाच्या थैल्यांच्या दोरीने गळफास बसलेले सावकार लोंबतात आणि त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर एन्रिको गुडघे टेकून मेरीला चॅपलची प्रतिकृती अर्पण करतो. कर्जमाफीचे अर्ज मी हजारांनी वाचले असतील, इतका देखणा एकही नव्हता.

मी शोधत होते तो निळा मात्र दिसला नाही. म्हणजे छत निळं आहे, त्यावर सोनेरी तारे आहेत, पाहून जीव हरखतो. पण येशूजन्माच्या चित्रात मेरीच्या अंगावर जो झगा आहे, त्याचा निळा बराचसा झडून गेलेला आहे. खालचं फिकट रेखाटन तेवढं उरलंय. कारण साधं आहे. भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर रंगवतात. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी थापायचा. चुना सुकताना रंग पोटात घेतो आणि मग तो शतकानुशतकं हलत नाही. लाजवर्दाचा निळा मात्र, तेज टिकावं म्हणून, गिलावा सुकल्यावर वरून डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावला. गेरू, पिवडी, काजळी असले स्वस्तातले रंग सातशे वर्षं जागेवर आहेत आणि सगळ्यांत महागडा रंग सगळ्यांत आधी गेला.

अजिंठ्याच्या लेण्यांतही हाच निळा आहे. पादुआच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी बदख्शानचा हाच दगड वाघूर नदीच्या काठी पोचला होता. तिथलं सगळंच काम कोरड्या लिंपणावरचं, तरीही निळा अजून जागोजाग दिसतो. वाकाटकांच्या दरबारी त्याची मंजुरी कोणत्या टेबलावरून निघाली, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

फ्लॉरेन्सला असे कागद शिल्लक आहेत. हे शहरच बँकवाल्यांचं. तिथे करारनामे, खातेवह्या, करविवरणं ढिगांनी जपून ठेवलेली आहेत. माझाच्चो या ऐन पंचविशीतल्या चित्रकाराने १४२७ साली भरलेलं करविवरणसुद्धा. त्यात मालमत्ता नावापुरती आणि देणी भरपूर. त्याच सुमाराचं त्याचं 'त्रिमूर्ती' हे भित्तिचित्र सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये आहे. सपाट भिंतीत एक खोल कमानदार दालन उघडल्यासारखं वाटतं; वर क्रुसावरचा ख्रिस्त, मागे पिता परमेश्वर, खाली दोन्ही बाजूंना चित्राचे पैसे देणारं जोडपं, माणसाच्या खऱ्या उंचीचं. रेनेसाँची सुरुवात म्हणून दाखवतात ते हे. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने मांडलेला यथार्थदर्शनाचा नियम इथे भिंतीवर उतरला: सगळ्या समांतर रेषा एका बिंदूला जाऊन मिळतात आणि तो बिंदू क्रुसाच्या पायाशी, उभं राहून पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. गिलाव्यात कोरलेल्या रेषा तिरप्या उजेडात दिसतात. खिळा ठोकून त्यावरून सुतळ्या ताणल्या असणार. गवंडीकाम आणि भूमितीच म्हणायची, पण छाती दडपते. माझाच्चो सत्ताविशीच्या आसपास रोममध्ये वारला. देणी कोणी फेडली, देव जाणे.

उफीत्सी संग्रहालयात बोत्तिचेल्लीसमोर एवढी गर्दी होती की मी व्हीनसपेक्षा मोबाइलच जास्त पाहिले. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. तिथून थोडं चालत गेलं की ब्रुनेलेस्कीनेच १४१९ साली उभारायला घेतलेला अनाथाश्रम लागतो, ओस्पेदाले देल्यी इनोचेंती. तिथे माझ्याशिवाय जेमतेम चारदोन माणसं होती. एका दालनात छोट्या छोट्या खणांमध्ये आश्रमात सोडलेल्या बाळांच्या खुणा ठेवल्या आहेत. अर्धं तोडलेलं पदक, मण्याचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आईजवळ; कधी परत आली तर ओळख पटवायला. ते खण पाहिल्यावर पुढची चित्रं थोडा वेळ दिसेनाशी होतात.

याच आश्रमाच्या वेदीसाठी गिरलांदायोने रंगवलेलं 'ज्ञानी राजांचं वंदन' वरच्या मजल्यावर आहे. त्याचा १४८५ चा करारनामा टिकलाय आणि माझ्या दृष्टीने तो चित्राइतकाच वाचनीय. एकूण किंमत ११५ फ्लोरिन. दरमहा तीन फ्लोरिनचा हप्ता. तीस महिन्यांत चित्र हाती द्यायचं, नाहीतर पंधरा फ्लोरिन दंड. रंग चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने आणायचे, आणि निळा मात्र औंसाला चार फ्लोरिन भावाचा, लाजवर्दाचाच. चित्र तेवढ्या किमतीचं वाटलं नाही तर आश्रमप्रमुख दुसऱ्यांचं मत घेऊन कमी पैसे देऊ शकेल. मंजुरीपत्रात आम्हीसुद्धा इतक्या अटी घालत नसू.

चित्र १४८८ मध्ये पुरं झालं. मेरीच्या अंगावर तो चार फ्लोरिनवाला निळा अजून तसाच आहे, खोल आणि थंड. जवळ गेलं की कडेला किंचित जांभळट झाक मारतो. पुढे दोन लहान मुलं गुडघे टेकून आहेत, कपाळावर, हातांवर जखमा, अंगात पांढरे झिरझिरीत कपडे. हेरोद राजाने मारलेली ती निरपराध बालकं. आश्रमाला नाव त्यांचंच. मागे गर्दीतून गिरलांदायो स्वतः आपल्याकडे बघतोय. नजर अगदी कंत्राटदाराची. काम चोख केलंय, हप्ता चुकवू नका.

हा रंग करणं काही सोपं नव्हतं. चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या सुमारास कृती लिहून ठेवली आहे. दगडाची वस्त्रगाळ पूड करायची, राळ, डिंक आणि मेण वितळवून त्यात ती मिसळून गोळा करायचा, तो तीन दिवस-रात्री मुरवायचा आणि मग कोमट क्षारपाण्यात दोन काठ्यांनी कणकेसारखा तिंबायचा. निळा पाण्यात उतरतो, बाकीचा दगड गोळ्यातच राहतो. पहिल्या पाण्याचा माल सर्वांत भारी, दुसऱ्याचा हलका, शेवटी उरते ती राखाडी. दुओमोजवळच्या एका रंगाच्या दुकानात मी खऱ्या लाजवर्दाची बोटभर बाटली हातात घेऊन पाहिली. किंमत माझ्या त्या रात्रीच्या खोलीभाड्यापेक्षा जास्त. बाटली होती तिथे ठेवली.

चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने या निळ्यावरून पेरुजिनो या चित्रकाराची एक गोष्ट सांगितली आहे. पेरुजिनो ज्या मठात भिंती रंगवत होता, तिथला मठाधिपती निळा स्वतः तयार करायचा आणि चित्रकार चोरेल म्हणून थैली घेऊन शेजारी उभा राहायचा. पेरुजिनोने काय करावं, तर दोन हात मारले की कुंचला पाण्यात खळखळून धुवायचा. भिंतीवर गेला त्याहून जास्त निळा भांड्याच्या तळाशी बसला. शेवटी तो गाळ त्याने मठाधिपतीच्या हाती ठेवला आणि सभ्य माणसावर विश्वास ठेवायला शिका, असं सुनावलं. वासारी तिखटमीठ लावणारा माणूस, त्यामुळे गोष्ट कितपत खरी कोण जाणे. पण रंग मालकाच्या थैलीत आणि हात चित्रकाराचा, ही त्या काळची सगळी व्यवस्था तिच्यात आली.

व्यवस्था बदलत होती, हेही करारांतूनच कळतं. पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या १४४५ च्या करारात एक कलम आहे: कुंचल्याला पिएरोशिवाय दुसऱ्या चित्रकाराने हात लावायचा नाही. गिऱ्हाईक आता मालाबरोबर माणसाचेही पैसे मोजू लागलं होतं. रोममध्ये मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपलचं छत रंगवलं तेव्हा साहित्याचा खर्च त्याच्या मोबदल्यातून जायचा. तिथे हा निळा अगदी हात राखून वापरलेला दिसतो. पंचविसेक वर्षांनी त्याच चॅपलच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' पोपच्या खर्चाने झाला, आणि सबंध आकाश लाजवर्दाचं. दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतात. मान मागे टाकून आधी वर पाहावं, मग समोर. बिल कोणाच्या नावावर फाडलंय ते कळतं.

आल्प्सच्या वर गेलं की मेरी जवळजवळ दिसेनाशीच होते. हॉलंडमध्ये प्रोटेस्टंट चर्चच्या भिंती पांढऱ्या करून टाकलेल्या. चित्रं घरांत आणि सभागृहांत गेली. ॲमस्टरडॅमला माझी भाची राहते, ऑडिट फर्ममध्ये आहे. ती बरोबर होती म्हणून आधी रेम्ब्रांटच्या घरी गेलो. हे घर त्याने १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरला हप्त्यांवर घेतलं, हप्ते थकत गेले आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं. सरकारी माणसांनी घरातल्या जिनसांची ३६३ नोंदींची यादी केली. आज घर पुन्हा सजवलंय ते त्या जप्तीच्या यादीवरून. भाचीने यादीची प्रत फार प्रेमाने वाचली. मुघल लघुचित्रंही रेम्ब्रांटच्या पाहण्यात होती. शाहजहान आणि जहांगीर यांच्या चित्रांवरून त्याने कागदावर केलेली वीसहून अधिक रेखाटनं जगभरच्या संग्रहांत आहेत. दिवाळखोरीच्या त्या दिवसांत हा माणूस दिल्ली-आग्र्याच्या बादशहांचे पायघोळ जामे काढत बसला होता.

राइक्सम्युझियममधली १६४२ ची 'नाइट वॉच' म्हणजे वर्गणी काढून करून घेतलेलं चित्र. नगररक्षक दलातल्या लोकांनी माणशी साधारण शंभर गिल्डर दिले. चित्रात जागा कुठे मिळते त्यावर थोडं कमी-जास्त. रेम्ब्रांटने त्यांना ओळीत बसवण्याऐवजी धावपळीत पकडलं. कोणाचा चेहरा हाताआड, कोणी अंधारात, आणि एक पैसाही न दिलेली पिवळ्या झग्यातली मुलगी लख्ख उजेडात. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर मावेना म्हणून चित्राच्या कडा चक्क कापून टाकल्या. वर्गणीदारांच्या वारसांनी काही हरकत घेतली असेल तर ती माझ्या वाचनात नाही.

निळा मला सापडला तो व्हर्मेरपाशी. 'दूधवाली' चित्र फार तर दीड फुटाचं. बाई भांड्यात दूध ओतते आहे, टेबलावर पाव आहे, त्याच्या सालीवर उजेडाचे पांढरे ठिपके. मागची भिंत नुसती पांढरी. पण नीट पाहिलं तर तिच्यात एक खिळा आहे, खिळ्याला सावली आहे, आणि पूर्वी खिळे होते तिथे भोकं राहिली आहेत. रिकाम्या भिंतीकडे इतकं लक्ष देणारा माणूस फ्लॉरेन्सला भेटला नव्हता. आणि त्या मोलकरणीचा कमरेचा एप्रन! तो लाजवर्दाचा आहे. ज्या निळ्यासाठी गिरलांदायोच्या करारात भाव लिहून घेतला, जो मेरीशिवाय कोणाला शोभायचा नाही, तो इथे स्वयंपाकघरात दूध ओततो आहे. मला तरी रेनेसाँनंतरचा सगळ्यांत मोठा उलथापालथीचा क्षण हाच वाटतो. तोफा-बिफा काही न वाजता झालेला.

व्हर्मेरला डेल्फ्टचं एक धनिक जोडपं सांभाळून होतं, तरी १६७२ च्या फ्रेंच स्वारीनंतर चित्रांचा बाजार बसला. १६७५ मध्ये तो गेला तेव्हा घरात मुलं पुष्कळ आणि उधारी मोठी. त्याच्या बायकोने हेन्द्रिक फान बाउटेन या बेकरीवाल्याला ६१७ गिल्डरच्या पावाच्या थकबाकीपोटी दोन चित्रं तारण दिली. ६१७ गिल्डरचा पाव! किती वर्षं उधारीवर खाल्ला असेल याचा भाचीने तिथल्या तिथे हिशेब मांडायला घेतला होता.

पॅरिसला जाताना गाडीत मी तिला निळीची गोष्ट सांगितली. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या उद्योगमंडळाने सहा हजार फ्रँकांचं बक्षीस लावलं: लाजवर्दासारखाच निळा कारखान्यात करून दाखवा, आणि किलोला तीनशे फ्रँकांच्या आत. खऱ्या दगडाचा रंग तेव्हा हजारांत जात होता. १८२८ मध्ये ते बक्षीस गिमे या रसायनज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून त्याने तो केला. मग भाव असा कोसळला, की पांढऱ्या कपड्यांना घालायला लोक तो वापरू लागले. आपल्या लहानपणी धोतरं-चादरींना द्यायची ती नीळ म्हणजे जातीने हाच रंग. गिमेच्या मुलाने त्या पैशातून आशियाई मूर्ती आणि ग्रंथ जमवले; पॅरिसचं गिमे म्युझियम ते. तिथल्या भारतीय दालनात उभं राहून मला गंमत वाटली. आशियातल्या दगडाचा भाव पाडणाऱ्या रंगावर कमावलेला पैसा आशियातल्या दगडांवरच खर्च झाला होता.

स्वस्त निळ्यानंतर चित्रकाराच्या हाती आलेली दुसरी वस्तू म्हणजे पिळायची नळी. रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. तोवर तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. रंग स्वस्त, शिवाय खिशात मावतो. चित्रकार घराबाहेर पडला आणि पडल्या पडल्या त्याला सावल्या निळ्या दिसू लागल्या. ओर्से म्युझियममध्ये मोने आणि पिसारो यांच्यासमोर आज आपण विसावतो. तेव्हाच्या काही टीकाकारांना मात्र या निळेपणात डोळ्यांचा आजार दिसला होता. माने या चित्रकाराचं 'गवतावरची न्याहारी' १८६३ मध्ये सरकारी प्रदर्शनाने नाकारलं होतं. ते 'नाकारलेल्यांच्या' वेगळ्या प्रदर्शनात लागलं. आता ते मधोमध टांगलेलं आहे आणि त्याच्यासमोर शाळेची सहल मांडी घालून बसली होती.

आता चित्रकाराला कलम कोणी घालत नव्हतं. भाव लिहून घेणारं कोणी नव्हतं, विषय सांगणारं कोणी नव्हतं, आणि चित्र मागणारंही कोणी नव्हतं. व्हॅन गॉगची 'ऱ्होन नदीवरची तारांकित रात्र' ओर्सेतच आहे, १८८८ ची. रंगांचे जाड थर सरळ पिळून ओढल्यासारखे. धाकट्या भावाला, तेओला, लिहिलेल्या त्याच्या त्या वर्षीच्या पत्रांत रंगांच्या नळ्यांच्या याद्या आहेत. बिलं तेओने भरली. पॅरिसमध्ये 'पेर' तांगी म्हणजे तांगीबाबा नावाचा रंगविक्या होता. पैसे नसलेल्या चित्रकारांना रंग द्यायचा आणि बदल्यात चित्रं घ्यायचा. त्याच्या दुकानात सेझानची चित्रं पाहायला मिळायची, बाकी कुठे नाही. व्हॅन गॉगने त्याचं व्यक्तिचित्र काढलंय, रोदँ म्युझियममध्ये आहे: हात पोटावर एकमेकांत गुंफलेले, मागे जपानी छापचित्रांची गर्दी. वसुलीला बसलेला माणूस इतका कनवाळू मी पाहिला नाही. आमच्या खात्यात तो एक महिना टिकला नसता.

पिकासोच्या निळ्या काळाबद्दल लोक विचारतील म्हणून सांगते, त्या चित्रांतला निळा बराचसा बर्लिनमध्ये अठराव्या शतकात सापडलेल्या प्रशियन निळ्यातून आलेला. तो आपल्या हिशेबातला नाही. पण सेझानची एक बाजू आपल्या दाराशी येते. जे. जे.त शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले. छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्यांना काश्मीरमध्ये भेटला होता आणि सेझानचा अभ्यास कर म्हणाला होता. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकार मंडळींचा हा माणूस मग अनेक दशकं फ्रान्समध्येच राहिला, आणि २०२३ मध्ये पाँपिदू सेंटरने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं.

पाँपिदू सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. मी गेले ते त्याआधी. तिथे इव्ह क्लाईन या फ्रेंच चित्रकाराचं १९६० चं चित्र होतं. माणसापेक्षा उंच, आणि नुसतं निळं. रेषा नाही, आकार नाही, सहीसुद्धा नाही. रंग कारखान्यातला, गिमेच्याच कुळीचा. तेलात कालवला की हा निळा काळवंडतो, म्हणून क्लाईनने एका रंगविक्याच्या मदतीने असं रासायनिक चिकटद्रव्य शोधलं, की कोरड्या भुकटीचं तेज जसंच्या तसं राहावं. जवळ गेलं की पृष्ठभाग मखमलीसारखा, जरासा खडबडीत, आणि डोळ्यांना कुठे थांबायचं तेच कळत नाही. माझाच्चोच्या सुतळ्या एका बिंदूला मिळत होत्या; इथे बिंदूच नव्हता. कोणाचं बोट लागलं तर डाग निघत नाही, म्हणून पहारेकऱ्याची नजर आमच्यावर खिळलेली.

आसिसीला जाऊन जोत्तोचा निळा क्लाईनने पाहिला होता आणि त्याला तो आपला पूर्वज मानायचा. धंद्यातही तो पक्का. १९५७ मध्ये मिलानला त्याने एकाच मापाची, एकाच निळ्याची अकरा चित्रं लावली आणि प्रत्येकाला वेगळी किंमत मिळाली असं तो स्वतः सांगे. पुढे तर त्याने चित्रही काढून टाकलं. नुसती अदृश्य जागा विकायची, मोबदला शुद्ध सोन्यात. गिऱ्हाइकाला पावती मिळे. व्यवहार पुरा व्हायचा तर त्याने ती पावती जाळायची, आणि क्लाईनने साक्षीदारांसमोर निम्मं सोनं सीन नदीत फेकायचं. असे व्यवहार खरोखर झाले, फोटो आहेत.

हे ऐकून भाची चित्रासमोरच थबकली. "मावशी, पावती जाळली म्हणजे विक्रीची नोंद गेली. निम्मं सोनं नदीत म्हणजे मालमत्ताही गेली. ताळेबंदात उरलं काय?"

"निम्मं सोनं त्याच्याजवळ राहिलं ना."

"त्यावर कर भरला होता का?"

फ्लॉरेन्सला असता तर माझाच्चोसारखं विवरण भरावं लागलं असतं, एवढंच मला सांगता आलं.